नाकापेक्षा मोती जड



लग्नसराई आली, की डबीतली नथ बाहेर निघते. सोन्याचा भाव काय, घडणावळ किती, यावर आपण बायका तासभर बोलू शकतो. पण त्याच नथीत जे सात-आठ मोती बसलेले असतात, त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. ते कुठून आले? कुणी काढले? काढणाऱ्याला काय मिळालं? आज या मोत्याचीच गोष्ट आपण ऐकू या. गोष्ट दागिन्याची आहे, पण ऐकता ऐकता तुम्हाला आपली उचल, आपला मुकादम आणि आपलं पासबुक आठवेल.

आधी नथीचं बघू. आपल्याला वाटतं, नथ ही रामायण-महाभारताच्या काळापासूनची. पण अजिंठ्याची चित्रं आणि वेरूळची शिल्पं नीट पाहिलीत, तर तिथल्या बायकांच्या गळ्यात, कानात, दंडात, कमरेला भरपूर दागिने आहेत आणि नाक मात्र मोकळं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतले अभ्यासक प. कृ. गोडे यांनी जुने ग्रंथ धुंडाळून नथीचा इतिहास लिहिला. प्राचीन संस्कृत ग्रंथांत नाकातल्या दागिन्याचा उल्लेख सापडत नाही, तो पुढे मध्ययुगात रूढ झाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आपली नथ काही सृष्टीच्या आरंभापासूनची नाही. ती कधीतरी आली, आपल्याला आवडली आणि आपली झाली. पेशवाईच्या काळात तर मोत्याच्या दागिन्यांना बहरच आला. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, बाजूबंद, जिकडेतिकडे मोती.

मोती मात्र नथीपेक्षा फार जुना. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मोत्यांवर एक प्रकरणच लिहिलं आहे. मोती फक्त शिंपल्यात होतो असं तेव्हा मानत नव्हते. हत्ती, साप, शंख, ढग, बांबू, मासा आणि रानडुक्कर यांच्यातही मोती होतो, असं त्यात सांगितलं आहे. आणि आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्याच्या तोंडात पडला, की त्याचा मोती होतो. गंमत अशी, की तिकडे रोममध्ये प्लिनी नावाच्या लेखकाने पहिल्या शतकात जवळजवळ हेच लिहिलं होतं. फक्त त्याच्या गोष्टीत पावसाच्या जागी दव आहे. समुद्राच्या तळातल्या खरबरीत शिंपल्यातून असं चंद्रासारखं काही निघतं, म्हटल्यावर माणसाला आभाळच आठवणार! म्हणूनच नवरत्नांत माणिक सूर्याचं, पोवळं मंगळाचं आणि मोती चंद्राचा.

खरं काय होतं? शिंपल्याच्या आत एक मऊ कातडी असते. ती कातडीच शिंपल्याच्या आतला चकचकीत थर घडवते. एखादा किडा आत शिरला किंवा इजा झाली आणि त्या कातडीचा बारीकसा भाग आत ढकलला गेला, की त्याच्याभोवती तोच चकचकीत थर बसू लागतो. थरावर थर, वर्षानुवर्षं. हे थर इतके पातळ असतात, की उजेड त्यांच्यात शिरतो आणि परत फिरतो. त्यालाच आपण मोत्याचं पाणी म्हणतो. म्हणजे मोती हे शिंपल्याने आपल्या दुखण्याभोवती केलेलं मऊ आवरण आहे. शेकडो शिंपले उघडावेत, तेव्हा एखादा बरा मोती हाती लागतो.

आता ते शेकडो शिंपले उघडायला समुद्रातून आणायचे कुणी? इथून पुढे गोष्ट बदलते.

आपल्या देशात मोत्यांची जुनी जागा म्हणजे तमिळनाडूचा किनारा, मन्नारचं आखात. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या प्रवासाच्या पुस्तकात तिथल्या मोत्यांची नोंद आहे, आणि सोबत लिहिलं आहे की हे मोती काढायच्या कामाला शिक्षा झालेले कैदी लावत. म्हणजे हे काम कुणी राजीखुशीने करेल असं तेव्हाही वाटत नव्हतं.

पण महाराष्ट्रातल्या जुन्या नथीतला मोती बहुतेक करून दुसरीकडचा. जुन्या बायका म्हणायच्या, बसऱ्याचा मोती. बसरा हे इराकमधलं बंदर. मोती तिथे पिकत नव्हते, त्यांचा व्यापार तिथून चाले, म्हणून ते नाव. मोती निघत बहरीन, कुवेत, कतार अशा इराणच्या आखातातल्या किनाऱ्यांवर. तिथून ते गलबतांनी मुंबईला येत. मुंबईत त्यांची निवड होई, भोकं पाडली जात, माळा ओवल्या जात. तिथून ते आपल्या सराफांकडे आणि पुढे पॅरिस-लंडनपर्यंत जात. हा व्यापार एवढा मोठा होता, की आखातात आपला रुपया चालत असे.

तिथले पाणबुडे उन्हाळ्यात घर सोडत. जूनच्या सुमारास होड्या निघत आणि सप्टेंबरच्या सुमारास परतत. चार महिने होडीवरच. खाणं म्हणजे खजूर, थोडा भात, मासे. पाणबुड्या नाकाला एक चाप लावी, शिंगाचा किंवा हाडाचा. गळ्यात टोपली, पायाला दगड. दगडाच्या वजनाने तो सरळ तळाशी जाई. आपल्याकडच्या सहा-आठ परस खोल विहिरीचा अंदाज घ्या, इतकं खोल, कधी त्याहूनही जास्त. मिनिट-दीड मिनिट श्वास कोंडून तो हाताने शिंपले खुडून टोपलीत भरी. मग दोरीला हिसका दिला, की वर बसलेला त्याचा जोडीदार त्याला ओढून घेई. असं दिवसभरात कितीतरी वेळा. कानांचे पडदे फाटत, डोळे जात, कुणी परत वर येतच नसे.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबून विचार करा. आपल्या नाकात मोती यावा म्हणून त्याच्या नाकाला चाप!

आणि मोती सापडला तर तो कुणाचा? त्या दिवशीचे सगळ्यांचे शिंपले एका ढिगात पडत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाखव्याच्या डोळ्यांसमोर उघडले जात. कुणाच्या शिंपल्यातून मोती निघाला, हे कळायची सोयच नव्हती. हंगाम संपल्यावर मोती विकून जे येईल, त्यातून खर्च वजा होई आणि उरलेल्याचे वाटे पडत. नाखव्याचा, पाणबुड्याचा, दोरीवाल्याचा.

हा वाटा कागदावर असे. पण पाणबुड्याच्या हातात क्वचितच येई. कारण हंगामाआधीच त्याने घरच्यांच्या धान्यासाठी नाखव्याकडून पैसे घेतलेले असत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पुढे सहा महिने कोयता चालवून फेडायची. फिटली नाही, तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे जायचं. आखातातही हुबेहूब असंच. पाणबुड्याला दुसऱ्या नाखव्याकडे जायचं असेल, तर आधीच्याचं किती देणं उरलं आहे, त्याचा कागद लागे. आणि बाप मेला, तर देणं मुलाच्या डोक्यावर. मुलगाही त्याच होडीवर.

हिशोब कोण ठेवी? नाखवा. पाणबुड्याला लिहिता-वाचता येत नसे. किती उचलले, किती फिटले, व्याज किती चढले, सगळं नाखवा सांगेल ते.

त्याच्या वरची पायरी बघा. नाखवा मोती विके ते व्यापाऱ्याला. व्यापाऱ्याकडे पितळेच्या चाळण्यांचा संच असे, प्रत्येकीची भोकं वेगळ्या मापाची. धान्य चाळावं तसे मोती चाळून लहान-मोठे वेगळे करत. आणि भाव ठरे तो रुमालाखाली. दोघं कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगत, म्हणजे शेजारी बसलेल्याला कळू नये. आपल्या बैलबाजारात दलाल करतात ना, तसंच. मुंबईतही मोत्यांचे सौदे असेच होत. ज्याने तो मोती तळातून वर आणला, त्याला मुंबईचा भाव कधीच कळत नसे.

आणि वरच्या टोकाला भाव तरी काय होता! बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी 1865 च्या सुमारास एक गालिचा करवून घेतला. त्यावर लाखो बारीक बसरा मोती जडवले आहेत. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर वाहण्यासाठी तो केला होता, असं सांगतात. तो तिकडे गेला नाही. 2009 मध्ये कतारमध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा 50 लाख डॉलरहून जास्त किंमत आली. दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. 1917 मध्ये तिथल्या एका श्रीमंत बाईला दोन पदरी मोत्यांची माळ एवढी आवडली, की तिच्या नवऱ्याने तिच्यासाठी आपला शहरातला वाडाच देऊन टाकला. माळेची किंमत तेव्हा 10 लाख डॉलर धरली होती. कार्तिए नावाच्या जवाहिऱ्याचं दुकान आजही त्याच वाड्यात आहे.

तीच माळ बाई गेल्यावर 1957 मध्ये विकली, तेव्हा दीड लाख डॉलरच्या आसपास आले. चाळीस वर्षांत असं काय झालं?

झालं ते जपानमध्ये. तिथे मिकिमोतो कोकिची नावाचा माणूस होता. जन्म 1858 चा, वडिलांचं शेवयांचं छोटंसं दुकान. शिंपल्यात आपणच काहीतरी घातलं, तर तो मोती करील का, या नादाला तो लागला. 1892 मध्ये समुद्राला तांबडा विषारी तवंग आला आणि त्याचे बहुतेक शिंपले मेले. त्याची बायको उमे त्याच्याबरोबर या कामात होती. 1893 च्या जुलै महिन्यात उरलेले शिंपले तपासताना त्यांना अर्धगोल मोती मिळाला. उमे तीन वर्षांनी वारली. पूर्ण गोल मोती पिकवण्याची रीत पुढच्या काही वर्षांत जपानमध्ये आणखीही काही जणांनी शोधून बसवली. शिंपला हळूच उघडायचा, त्यात दुसऱ्या शिंपल्याच्या कवचाचा गोल मणी आणि मऊ कातडीचा तुकडा ठेवायचा आणि त्याला परत समुद्रात सोडायचं. शिंपले खालून वर आणायचं आणि परत तळाशी ठेवायचं काम तिथे बायका करत. त्यांना आमा म्हणतात. श्वास कोंडून बुडी मारणाऱ्या बायका. त्या आजही त्या किनाऱ्यावर आहेत.

1920 च्या दशकात हे पिकवलेले मोती युरोपच्या बाजारात पोचले आणि व्यापाऱ्यांनी ओरड केली, की हे खोटे. तपासणाऱ्यांना आढळलं, की वरचा थर तोच, शिंपल्यानेच केलेला. फरक आतल्या मण्याचा. मग 1929 ची जगभरची मंदी आली. मोत्याचे भाव कोसळले आणि आखातातल्या होड्या किनाऱ्याला लागल्या त्या लागल्याच. 1932 मध्ये बहरीनला तेल सापडलं आणि उरलेले पाणबुडेही हळूहळू तिकडे कामाला गेले.

पण त्याआधी बहरीनमध्ये एक गोष्ट झाली होती, आणि गटातल्या बायकांनी ती नक्की लक्षात ठेवावी अशी आहे. 1920 च्या दशकात तिथे ब्रिटिशांच्या देखरेखीखाली नवे नियम झाले. प्रत्येक पाणबुड्याच्या नावाची हिशोबाची वही असली पाहिजे. घेतलेले, फेडलेले, सगळं तिच्यात लिहिलं गेलं पाहिजे. साधी वही! पण ज्यांच्या हातात आजवर हिशोब होता, त्यांनी तिला कडाडून विरोध केला. वहीने त्यांचं काय जात होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आणि हेही खरं, की नुसत्या वहीने पोट भरलं नाही. मंदीत उचलीची रक्कम कमी केली, तेव्हा 1932 मध्ये खुद्द पाणबुड्यांनीच दंगा केला. त्यांचं काय चुकलं? उचल वाईट होती, पण उचल बंद म्हणजे चूल बंद. दुसरीकडून अडीनडीला पैसे मिळायची सोय नसेल, तर माणूस साखळीलाच धरून बसतो. म्हणून वही हवी आणि वहीच्या मागे आपली बचतही हवी. आपण दर महिन्याला गटात शंभर-दोनशे टाकतो, कमी व्याजाने अंतर्गत कर्ज घेतो आणि सगळ्यांसमोर नोंद मोठ्याने वाचून दाखवतो, ते का, याचं उत्तर या पाणबुड्यांच्या गोष्टीत आहे.

आता आपल्या डबीकडे वळू या. काही गोष्टी आजच करता येण्यासारख्या आहेत.

एक. आजीची किंवा सासूबाईंची जुनी नथ असेल, तर मोती पिवळट झाले म्हणून लगेच बदलू नका. ते समुद्रातले अस्सल मोती असू शकतात आणि आता तसे मोती फार कमी निघतात. दुरुस्तीला टाकताना मोती मोजा, फोटो काढा, पावतीवर मोत्यांची संख्या लिहून घ्या. मोती दातावर हलकेच घासला तर खरखरीत लागतो आणि काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत लागतो. पण यावरून समुद्रातला कोणता आणि पिकवलेला कोणता, ते कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एक्स-रे लागतो.

दोन. मोती मऊ असतो. लिंबू, चिंच, अत्तर, साबण त्याला सोसत नाही. सगळं आवरून झाल्यावर नथ शेवटी घाला, आणि काढल्यावर मऊ कापडाने पुसून वेगळी ठेवा.

तीन. नवा दागिना घेताना सोन्याचं वजन वेगळं आणि मोती-खड्यांचं वजन वेगळं लिहिलेली पावती मागा. मोडताना खड्यांचं वजन वजा होतं, मग घेताना ते सोन्याच्या भावात धरलं नाही ना, ते बघायला नको का? 2023 च्या एप्रिलपासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असावा लागतो. तो बीआयएस केअर या मोबाइल अॅपवर टाकून तपासता येतो. मात्र दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि पुष्कळशा नथी तेवढ्याच असतात. म्हणून पावती जास्तच महत्त्वाची.

चार. मन शांत होण्यासाठी, ग्रह सुधारण्यासाठी मोती घाला, असं कुणी सांगितलं तर श्रद्धा तुमची. मात्र त्या अंगठीसाठी गटातून किंवा सावकाराकडून कर्ज काढायचं नाही. कर्जाने कुणाचं मन शांत होतं का?

पाच. गोड्या पाण्यात मोती पिकवण्याची रीत भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने विकसित केली आहे, तिथे प्रशिक्षणही मिळतं. समुद्रातला गोल मोती आपल्या देशात 1973 मध्ये तुतिकोरिनला शास्त्रज्ञांनी पिकवला. म्हणजे हे काम खरं आहे. पण शिंपले जगवावे लागतात, वाट बघावी लागते आणि सगळेच मोती चांगले निघत नाहीत. त्यामुळे कुणी गावात येऊन म्हणालं, की आधी पैसे भरा, शिंपले आम्ही देतो, मोतीही आम्हीच घेऊ, तर गटाच्या बैठकीत विचारा: लिहून द्याल का? आधी घेतलेल्या कोणत्या गटाला पैसे मिळाले, तिथे आम्हाला नेऊन दाखवाल का?

आणि शेवटचं. लग्नात माहेरून, सासरून, आहेरात आपल्याला जे मिळतं, ते स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं, की स्त्रीधन बाईचंच राहतं. सासरच्यांच्या कपाटात ठेवलं म्हणून ते त्यांचं होत नाही. पण हे मागायची वेळ आली, की पहिला प्रश्न येतो: पुरावा काय?

म्हणून आमची एक सूचना आहे. येत्या बैठकीला प्रत्येकीने वहीचं एक पान दागिन्यांसाठी ठेवावं. दागिना कोणता, वजन किती, मोती किती, कुणी दिला, केव्हा दिला, आता कुणाजवळ आहे. गहाण असेल तर कुठे, किती रुपयांत, सोडवायची तारीख कोणती. जिला लिहिता येत नाही, तिच्यासाठी शेजारणीने लिहावं आणि वाचून दाखवावं. वही मात्र जिची तिच्याजवळ. गटाच्या कपाटात नाही, नवऱ्याच्या पेटीत तर नाहीच.

आपल्याकडे म्हणतात, नाकापेक्षा मोती जड. मोती जड व्हायला त्याचं वजन वाढावं लागत नाही. त्याचा हिशोब दुसऱ्याच्या हातात गेला, की तो जड होतो. नथ हौसेने घाला, मैत्रिणींनो. फोटोही काढा. आणि तो फोटो त्या पानावर चिकटवा.